सागाचे नाव आणि सागाचा गाभा

मे महिना उजाडला, की पाऊस येण्यापूर्वी घराची डागडुजी उरकण्याची घाई सुरू होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर ही घाई अधिक, कारण तेथे एकदा मृगाचा पाऊस लागला की चार महिने घराबाहेरच्या कामाला हात लावता येत नाही. कौले परतताना वाशांची टोके कुजलेली आढळतात. दाराच्या चौकटीचा जमिनीलगतचा भाग इतका भुसभुशीत झालेला असतो, की त्यात सुताराचा दाभण बोटभर आत जातो. खिडकीची खालची पट्टी नखाने उकरता येते. मग घरातली वडीलधारी माणसे आणि सुतार यांच्यात बोलणे होते, आणि ते बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : लाकूड कोणते घ्यायचे? उत्तरही ठरलेले असते. परवडत असेल तर सागवान, नसेल तर दुसरे काहीतरी.

विद्यार्थिमित्रांनो, माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. केवळ झाडाचे नाव विचारून घेतलेले लाकूड पाच-सात पावसाळ्यांत कुजते, आणि दोष मात्र सुतारावर, नशिबावर किंवा ‘हल्ली पूर्वीसारखे लाकूड मिळत नाही’ या सर्वमान्य कारणावर ढकलला जातो. झाडाच्या नावाइतकेच, किंबहुना थोडे अधिक, महत्त्वाचे असे दोन प्रश्न आहेत. लाकूड झाडाच्या कोणत्या भागातले आहे? आणि ते बसवल्यावर त्यावर पडलेले पाणी कोठे जाणार आहे? या दोन्हींची उत्तरे वनस्पतिशास्त्राच्या शालेय पुस्तकात दडलेली आहेत. आपण खोडाचा आडवा छेद काढतो, भागांना नावे देतो, गुण मिळवतो आणि वही मिटतो. त्या आकृतीचा घराच्या चौकटीशी काही संबंध असेल असे आपल्याला कोणी सांगत नाही.

प्रथम लाकूड कुजते म्हणजे काय होते ते पाहू. लाकूड जुने झाले म्हणून कुजत नाही. ते खाल्ले जाते. खाणारे मुख्यतः दोन : बुरशी आणि कीटक. लाकडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या तंतूंनी विणलेल्या असतात आणि लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकींशी जखडलेल्या असतात. काही बुरश्या सेल्युलोज खाऊन लिग्निन मागे ठेवतात. असे लाकूड तपकिरी होते, त्याला आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी तुकडे पडतात आणि ते बोटांनी चुरडता येते. दुसऱ्या प्रकारच्या बुरश्या लिग्निनही फस्त करतात; मग लाकूड फिकट, पांढुरके आणि तंतुमय होते. कुजलेल्या चौकटीचा तुकडा हाती आला तर फेकून देण्याआधी या दोहोंपैकी कोण येऊन गेले ते अवश्य ओळखा.

बुरशीला खाण्याबरोबरच उबदारपणा, हवा आणि पाणी लागते. उबदारपणा आपल्या पावसाळ्यात भरपूर; हवा सर्वत्र आहे. राहिले पाणी, आणि येथेच सारी गोम आहे. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या पूर्ण कोरड्या वजनाशी तुलना करून सांगतात. हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली असेल तर लाकूड कुजवणारी बुरशी मूळ धरू शकत नाही. पेशींच्या भिंती पाण्याने पुरत्या भिजून, म्हणजे साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या पुढे जाऊन, पोकळ्यांतही पाणी शिरू लागले की तिची चंगळ होते. आता मजा अशी, की हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असली तरी त्या हवेत ठेवलेल्या लाकडात पाणी फक्त १६ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे ‘पावसाळी हवेने लाकूड कुजले’ हे म्हणणे बहुधा खरे नसते. ते कुजते ते साचलेल्या, झिरपलेल्या, अडकून पडलेल्या पाण्याने.

याची साक्ष पुणे जिल्ह्यातल्या मळवली स्टेशनजवळ, भाजे येथील लेण्यांत मिळते. तेथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. त्याच्या कमानदार छताला आतून लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत, आणि त्या सागवानाच्या फासळ्या आजही, दोन हजारांहून अधिक वर्षांनंतर, जागेवर आहेत. तेथल्या लाकडावर ब्राह्मी लिपीतील अक्षरेही सापडली आहेत. सहलीला गेलेली मुले माना वर करून पाहतात आणि ‘सागवान ते सागवान’ असे शिक्षक सांगतात. पण त्याच चैत्यगृहाच्या दर्शनी भागीही एके काळी लाकडी बांधकाम होते. ते बसवण्यासाठी खडकात खोदलेल्या खाचा आणि भोके तेवढी उरली आहेत. लाकूड पार नाहीसे झाले आहे. एकाच वास्तूतले, एकाच काळातले लाकूड. आतले खडकाच्या छायेत कोरडे राहिले, बाहेरचे ऊन-पावसाच्या तोंडी होते. सागाच्या टिकाऊपणाचे उदाहरण म्हणून भाजे सांगायचे असेल तर ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

आता खोडाच्या त्या आकृतीकडे वळू. सालीच्या लगतचा फिकट पट्टा म्हणजे रसकाष्ठ. मुळांकडून आलेले पाणी यातून वर चढते आणि झाड आपला पिष्टमय साठाही यातच ठेवते. मधला गडद भाग म्हणजे मध्यकाष्ठ. सुतार त्याला गाभा म्हणतात. रसकाष्ठाच्या आतल्या पेशी मरताना त्यांत काही खास रसायने साठतात, साठ्यातला स्टार्च संपतो आणि त्यांचा गाभा होतो. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे एक द्रव्य असते. ते वाळवीला मानवत नाही. शिवाय त्यात तेलकट आणि रबरासारखे पदार्थ असतात, त्यामुळे पाणी सहज शिरत नाही. फणसाच्या गाभ्याचा पिवळा रंगही अशाच द्रव्यांचा. आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची वस्त्रे या लाकडाच्या ढलप्या उकळून काढलेल्या रंगाने रंगवीत असत. बिबळ्याच्या गाभ्याचा पेला करून त्यात पाणी ठेवले, तर थोड्याच वेळात पाण्याला रंग चढतो आणि प्रकाशात निळसर झाक दिसते. झाडाने आपल्या खोडात साठवलेली ही औषधे आहेत असे म्हणायला हरकत नाही.

ही औषधे गाभ्यात असतात. रसकाष्ठात ती जवळजवळ नसतात. म्हणून कोणत्याही झाडाचे रसकाष्ठ टिकाऊ नसते. हे वाक्य वहीत लिहून ठेवण्यासारखे आहे, कारण वखारीत ते कोणी सांगत नाही. सागाचे पांढरे लाकूड हे सागाचेच लाकूड असते, पावतीवर ‘सागवान’ असेच लिहिलेले असते, आणि दाराबाहेर ते आंब्याच्या फळीपेक्षा फारसे अधिक टिकत नाही. पिष्टमय साठा असल्यामुळे पिठासारखा बारीक भुसा पाडणारे किडेही त्यालाच आधी लागतात. पूर्वी लाकूड किंवा बांबू काही आठवडे तळ्यात किंवा ओढ्यात बुडवून ठेवीत, त्यामागे हेच कारण होते. पाण्यात साखर आणि स्टार्च यांचा काही अंश निघून जातो आणि किड्यांना त्यात गोडी राहत नाही.

थोडे गणित करू. रसकाष्ठाचा पट्टा ३ सेंटीमीटर जाडीचा आहे असे धरा. खोडाची त्रिज्या ३० सेंटीमीटर असेल तर गाभ्याची त्रिज्या २७, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळापैकी ८१ टक्के गाभा आणि १९ टक्के रसकाष्ठ. त्रिज्या १५ सेंटीमीटर असेल तर रसकाष्ठ ३६ टक्के. आणि ८ सेंटीमीटरच्या कोवळ्या खोडात ते ६१ टक्के. पट्टा तेवढाच, पण झाड जितके लहान तितका पांढऱ्याचा वाटा मोठा. जुन्या वाड्यांतल्या तुळया मोठ्या, वयस्क झाडांच्या होत्या. आज बाजारात येणारे पुष्कळसे सागवान, देशातले असो वा परदेशातून आलेले, लागवडीतले आणि कमी वयाचे असते. ब्रह्मदेशाने, म्हणजे आजच्या म्यानमारने, १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून जंगलातल्या मोठ्या झाडांचे लाकूड आणखी दुर्मिळ झाले. ‘पूर्वीसारखे सागवान मिळत नाही’ ही तक्रार म्हणूनच खरी आहे. पण तिचे कारण सागाची जात बिघडली हे नव्हे. आपण झाडाला वय होऊ देत नाही, हे आहे.

सागाची थोरवी मला कमी करायची नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील कारागिरांनी मलबारच्या सागवानातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. साग वाळताना फारसा आक्रसत नाही, पिळवटत नाही, रंध्याखाली नीट चालतो आणि त्यात मारलेले लोखंडी खिळे ओकप्रमाणे गंजवत नाही. इतके गुण एकत्र असलेली लाकडे थोडीच आहेत. परंतु घराच्या बाहेरील प्रत्येक पट्टीला सागच हवा, हा हट्ट मला गैर वाटतो. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत लाकडाच्या खुंट्या जमिनीत अर्ध्या पुरून त्या किती महिने टिकतात ते पाहतात. या चाचणीला विनोदाने ‘दफनभूमी-चाचणी’ म्हणतात. सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकणारी लाकडे पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारी दुसऱ्या आणि त्याहून कमी टिकणारी तिसऱ्या वर्गात. साग पहिल्या वर्गात आहे. पण खैर, बिबळा आणि आपला परसातला फणसही त्यात आहेत. अर्थात गाभ्याचेच लाकूड. आंबा आणि काटेसावर तिसऱ्या वर्गात. खैर इतका कठीण, की सुतार त्याला हात लावायला नाखूश असतात; तो मुसळाला आणि खुंटाला बरा. बिबळा जंगलात कमी होत चालला आहे, तेव्हा त्याचा आग्रह धरू नये. ऐन मजबूत असतो. परंतु वाळताना त्याला भेगा पडतात, आणि भेग म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रण. वाशाला तो चालतो, खिडकीच्या पट्टीला मी घेणार नाही. फणस मात्र कोकणातल्या माणसाने अवश्य विचारात घ्यावा. वादळात पडलेला किंवा म्हातारा झालेला फणस जळणाला देऊन टाकायचा आणि चौकटीसाठी कर्ज काढून सागवान आणायचे, याला शहाणपण कसे म्हणावे?

जांभूळ आणि उंबर यांची गंमत वेगळी आहे. विहिरीच्या तळाशी पाण्यात बसवलेले त्यांचे लाकूड दीर्घकाळ टिकते, म्हणून ते ‘पाण्याला चांगले’ असे लोक म्हणतात, आणि त्यावरून ते पावसालाही चांगले असा समज करून घेतात. पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून बुरशी वाढत नाही. पावसात भिजणाऱ्या आणि मधूनमधून सुकणाऱ्या लाकडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळतात. उंबराचे लाकूड विहिरीतून काढून दाराला बसवले तर ते लवकर मातीला मिळेल.

वाळवीविषयीही दोन शब्द. आपल्याकडे शेतात उंच वारुळे दिसतात ती बांधणाऱ्या वाळवीला लाकूड स्वतः नीट पचत नाही. ती चावलेल्या लाकडावर वारुळात बुरशीची शेती करते आणि त्या शेतीवर जगते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी आणि चवीने खाल्ली जाणारी अळंबी याच शेतीचे पीक. ही वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत येते. म्हणून चौकटीचा पाय जमिनीपासून वीतभर उंच, दगडावर असणे हा वाळवीविरुद्धचा सर्वांत स्वस्त उपाय होय. आपल्या जुन्या घरांत लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असे तो उगीच नव्हे.

रसायने लावून साधे लाकूड टिकवता येईल का? येते. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण दाबाखाली लाकडात भरण्याची पद्धत सोंती कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ साली डेहराडूनलाच शोधून काढली आणि पुढे ती जगभर पसरली. येथे रसकाष्ठाची बाजू उलटते. गाभ्यात औषध शिरत नाही, रसकाष्ठात ते सहज शिरते. तेव्हा प्रक्रिया केलेले पांढरे लाकूड प्रक्रिया न केलेल्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी पटींनी टिकते. पण आर्सेनिक हे विष आहे. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या लाकडासाठी हे मिश्रण बंद झाले. असे लाकूड चुलीत जाळणे अत्यंत घातक. बोरॅक्स व बोरिक आम्ल त्यामानाने सौम्य, परंतु ती पावसाने धुऊन जातात. घराच्या आत ठीक, बाहेर निरुपयोगी. आणि नुसता कुंचल्याने वरवर फासलेला काळा रंग किंवा तेल म्हणजे प्रक्रिया नव्हे. तो लाकडाला घातलेला सदरा आहे.

सदऱ्यावरून आठवले. उन्हापावसात लाकूड राखाडी होते ते पाहून लोक घाबरतात आणि त्यावर घट्ट रंग चढवतात. उन्हातील जंबुपार किरणांनी पृष्ठभागावरचे लिग्निन विघटते, पाऊस ते धुऊन नेतो, आणि राखाडी तंतू उरतात. हा बदल कागदाच्या जाडीचा. आतले लाकूड धडधाकट असते. उलट तडकलेल्या रंगाच्या भेगेतून आत गेलेले पाणी रंगाच्या थरामुळे बाहेर येऊ शकत नाही, आणि रंगाखाली लाकूड निवांत कुजते. रंग लावायचा तर दर दोन-तीन वर्षांनी तपासायचा. नाहीतर बेलतेल लावून राखाडी रंगाशी मैत्री करायची. माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते.

आता पाण्याच्या वाटेविषयी. लाकूड तंतूंच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकाकडून, बाजूच्या मानाने कितीतरी भराभर पाणी पिते. खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच टोकाशी उघड्या पडलेल्या असतात. म्हणून चौकट नेहमी खालून कुजते आणि वासा टोकाकडून. खिडकीची खालची पट्टी सपाट न ठेवता बाहेर उतरती करावी आणि तिच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच पाडावी. पाणी खाचेपाशी थांबून खाली टपकते, भिंतीकडे सरकत नाही. वळचण हातभर पुढे आली तर पागोळ्या चौकटीपासून दूर पडतात. हे सगळे जुन्या सुतारांना ठाऊक होते. नव्या घरांत दर्शनी भाग ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून वळचण कापून टाकतात, आणि मग पहिल्या वर्गाचे लाकूडही तिसऱ्या वर्गासारखे वागते. माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले, की उघड्यावरची सागाची चौकट किंवा हातभर वळचणीखालची ऐनाची, तर मी विचार न करता दुसरी घेईन.

आणि दुरुस्ती म्हणजे सगळे काढून नवे बसवणे नव्हे. जुनी चौकट खालून वीतभर कुजली असेल तर कुजलेला भाग, वर आणखी थोडे निरोगी लाकूड धरून, तिरका कापावा आणि तेवढाच तुकडा गाभ्याच्या लाकडाचा जोडावा. तिरका सांधा अशा रीतीने उतरता ठेवावा, की पाणी बाहेर ओघळेल. वर राहिलेले शंभर वर्षांचे लाकूड आज वखारीत मिळणाऱ्या कोणत्याही लाकडापेक्षा सरस असते. मोडलेल्या वाड्यांच्या तुळया जुन्या बाजारात मिळतात. खिळे काढून, दाभणाने टोचून पाहून घेतल्या तर त्यांच्या गाभ्यातून उत्तम पट्ट्या निघतात, आणि त्यासाठी एकही झाड पाडावे लागत नाही.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या आवारात एक कोपरा राखून दफनभूमी-चाचणी करावी. त्यासाठी सुताराकडे पडलेले तुकडे पुरतात : सागाचा गाभा, सागाचे पांढरे, फणसाचा गाभा, आंबा, काटेसावर, आणि खोक्यांच्या फळ्यांतले पाइन. प्रत्येकी पाच खुंट्या, ५ सेंटीमीटर चौरस आणि ६० सेंटीमीटर लांब. निम्म्या जमिनीत, निम्म्या बाहेर, दोन खुंट्यांमध्ये हातभर अंतर. पुरण्यापूर्वी प्रत्येक प्रकारचा एक छोटा तुकडा तोलून, ओव्हनमध्ये सुमारे १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पुन्हा तोलावा. दोन वजनांतला फरक कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणला, की पाण्याचे शेकडा प्रमाण मिळते. खुंट्या मृगापूर्वी पुराव्यात. दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात त्या हलकेच उपटून, दाभणाने टोचून, किती खोल जातो ते मिलिमीटरमध्ये लिहावे आणि त्याच खड्ड्यात परत ठेवाव्यात. सातवीतल्या मुलांनी सुरू केले तर दहावीत जाईपर्यंत त्यांच्या नोंदवहीत तीन पावसाळे जमा होतील. पुढची नोंद नव्या सातवीकडे सोपवावी. खुंट्यांवर नावे रंगाने लिहू नयेत, रंग बुरशीला अडवतो. पत्र्याच्या पट्टीवर क्रमांक ठोकून ती वरच्या टोकाला तारेने बांधावी.